हळद लागलेले पाय

रविवारची दुपार. दहीभात खाऊन विनया आडवी होते, तेव्हा खाटेशेजारचं खोकं अजून हलतंय. खोक्याला तिने आतून चारी बाजूंनी जुन्या उशा लावल्यात, तरी धप्प, पुन्हा धप्प, असा मऊ आवाज येत राहतो. भिंगरी उभी राहायला बघतेय.

भिंगरी म्हणजे बोटभर शेपटीचं, पांढरं मांजराचं पिल्लू. तिचा लहान मेंदू पोटात असतानाच नीट वाढला नाही. तोल सांभाळणं हे त्याचं काम, म्हणून ती चालते ती झुलत, चारी पाय चार दिशांना फेकत. दुधाच्या वाटीकडे निघाली की मान थरथरू लागते, आणि वाटी जितकी जवळ येईल तितकी जास्त थरथरते. विनया कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. असल्या गोष्टी ती बारकाईने बघते. एखादी गोष्ट जितकी हवीशी, तितकं अंग बेताल. हे तिने दुसऱ्या कुठल्या प्राण्यात पाहिलं नव्हतं. एका माणसात पाहिलं होतं.

काल भिंगरी गुळगुळीत फरशीवर घसरून आपटली, हनुवटी फुटली. डॉक्टर म्हणाले, "या आजाराचं तिला दुखत नाही. वाढणार नाही, पण बराही होणार नाही. तुम्ही ठरवा." रात्री जेवताना सदानंदने, तिच्या नवऱ्याने, हळूच विषय काढला. "आपण दोघं दिवसभर बाहेर. ती एकटी आपटत राहणार. खोक्यात ठेवायची म्हटलं तर जन्मभर खोक्यातच. याला जगणं म्हणायचं का, विनू?" तिने ताट उचललं. आज संध्याकाळी इंजेक्शन द्यायचं ठरलंय, झोपेचं, शेवटचं.

"पाचला निघू," तो बाहेरच्या खोलीतून सांगतो. ती हुंकार देते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो. तिचा हात खोक्यात लोंबकळतो, उशा चाचपतो. खोकं रिकामं आहे.

"मी काढलं तिला बाहेर," खाटेच्या पायथ्याशी बसलेला मन्या म्हणतो.

मन्या तिचा धाकटा भाऊ. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि हातपाय कायमचे त्याच्या हुकमाबाहेर गेले. तिशीत न्यूमोनियाने गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आताही तो तसाच बोलतो, एकेक शब्द ओढून, ओठांच्या कोपऱ्यातली लाळ खांद्याला पुसत. परक्यांना ते बोलणं कळायचं नाही. तिला कळायचं. आताही कळतं.

"अरे, पडेल ती."

"पडू दे की. मी काय कमी पडलो?"

तो उठतो आणि वाकडा पाय आधी टाकून चालू लागतो. ती मागून जाते. खाट संपते तिथून कॉलेजची प्रयोगशाळा सुरू होते. मन्या टेबलांच्या कडा धरत पुढे सरकतो, स्टँडमधल्या परीक्षानळ्या किणकिणतात, आणि त्याच्या मागोमाग भिंगरी झुलत येते. दोघांची चाल एकच आहे.

"तिकडे गेल्यावरही असाच चालतोस?" ती विचारते. "मला वाटलं होतं, तिकडे तरी..."

"मग कसा चालू? हीच माझी चाल. आणि हात काढ बघू."

तिचा हात आपोआप त्याच्या काखेत गेलाय. ती काढून घेते.

"लहानपणापासून हेच तुझं. मी निघालो रे निघालो की उचललंच."

"तू पडायचास म्हणून."

"पोचायचो मी, ताई. पण तुझ्या पायांनी."

शेवटच्या टेबलाच्या पलीकडे सांगलीच्या घराचं स्वयंपाकघर आहे. जमिनीवर चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गोणपाट अंथरलंय. वडील हळदीच्या अडतीत, दलालाच्या दुकानात, पोती तोलायच्या कामाला होते. शहाबादी फरशीवर मन्या सारखा घसरायचा, तेव्हा आईने अडतीतली रिकामी पोती उसवून घरभर अंथरली. खरबरीत गोणपाटावर त्याचा पाय धरायचा. पोती कितीही झटका, हळद निघायची नाही. मन्याचे तळवे कायम पिवळे असायचे.

"रोज हळद लागते मला," मन्या भिंतीला टेकून तोच जुना विनोद करतो. "नवरी कुठंय?"

"गप रे."

"नवरी राहिली, पण हळद एक दिवस चुकली नाही. बघ, बघ तिच्याकडे."

भिंगरी गोणपाटावर आलीय. नखं धाग्यांत अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. ती कलंडते, उठते, मान हलवत पुढे सरकते. विनया श्वास रोखून उभी आहे. हात पाठीमागे घट्ट धरलेत.

"मन्या, दुखायचं का रे तुला?"

"शेवटी दुखलं. छाती भरली तेव्हा."

"चालताना?"

"चालताना कशाला दुखेल?" तो खरोखरच बुचकळ्यात पडतो. "तेच तर मला आवडायचं."

मोरीतून पाण्याचा आवाज येतो. विनयाला माहीत आहे, तिथे कोण आहे आणि काय चाललंय. मन्याला शेवटची अंघोळ घालताना आईने त्याच्या तळव्यांना साबण लावला, आणि पिवळे तळवे बघता बघता लाल झाले. आई दचकून मागे सरली. साबणाने हळद लाल होते, हे त्या मोरीत एकट्या विनयाला माहीत होतं, आणि ते सांगायला तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"पोती काय केलीत?" मन्या विचारतो.

"आईने देऊन टाकली. तू गेल्यावर तिला बघवेनात."

"सगळी?"

"एक मी आणलं. माळ्यावर आहे. रजया बांधून ठेवल्यात त्यात."

"रजया!" तो हसतो, हसताना सगळा हलतो. "रजयांना चालायचंय होय? आणि हिला विचारलंस का, पाचला जायचंय का म्हणून?"

"ती मांजर आहे, मन्या. ती काय सांगणार?"

"मी तरी कुठं धड सांगायचो? तुला कळायचं की."

तो मागच्या दाराकडे वळतो. दार लांब आहे, आणि त्याला वेळ लागतो. ती धावत जाऊन त्याला गाठू शकते, उचलू शकते. तो अजूनही हलकाच असणार. ती जागची हलत नाही. तो एकदा कलंडतो, दाराची चौकट धरतो. उंबरा एकट्याने ओलांडतो, आणि मागे वळून बघत नाही.

तिच्या हाताला काहीतरी ऊबदार लागतं. डोळे उघडतात. खोकं आडवं पडलंय, एक उशी बाहेर आलीय, आणि भिंगरी खाटेखाली लोंबणाऱ्या तिच्या तळहातात मान खुपसून, थरथरत उभी आहे. उभीच आहे.

विनया तिला उचलत नाही. खाली वाकून नुसती बघते. पांढऱ्या पिल्लाचे चारी तळवे पिवळे आहेत. तिच्या तळहातावरही पुसट पिवळे ठसे उमटलेत. आज स्वयंपाकात हळद पडलीच नव्हती. ती उठते, मोरीत जाते, ओल्या बोटाने साबण घेऊन एका ठशावर चोळते.

ठसा लाल होतो.

ती नळ तसाच वाहता ठेवून उभी राहते. मग मोरीच्या उंबऱ्यावर बसते, आणि मन्या गेला त्या दिवशी आलं नव्हतं तेवढं रडू तिला येतं.

"विनू, पाच वाजले," सदानंद दारात येतो. त्याच्या हातात झाकणाची टोपली आहे. तिच्याकडे बघून तो टोपली पाठीमागे धरतो. "काय झालं? हाताला काय लागलंय?"

"हळद," ती म्हणते. "ती टोपली ठेव, आणि स्टूल आण. माळ्यावरचं पोतं काढायचंय."