काडेपेटीशिवाय भरीत

माझे साडू सटाण्याजवळ शेती करतात. त्यांनी भरिताचं आमंत्रण दिलं तेव्हा मी फोनवरच बजावलं, "मळ्यात काडेपेटी आणायची नाही. चूल मी पेटवणार." ठिणग्या पाडायची कांडी मी नुकतीच मागवली होती. पेनाएवढा धातूचा दांडा आणि तो घासायला पोलादी पट्टी.

"नाही पेटली तर, साडूभाऊ?"

"तर सगळी भांडी मी घासीन."

नाशिकला घरी हे कपसुद्धा विसळत नाहीत, असं बायकोने मागून ओरडून सांगितलं.

रविवारी मळ्यात तुराट्यांचा ढीग, मोठाली हिरवी वांगी आणि उपाशी मंडळी, सगळं तयार. मी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे कापसाला व्हॅसलीन चोळलं, हात मफलरच्या सुटलेल्या दशांना पुसले आणि पट्टी घासली. काही नाही. कांडी उलटी धरून घासली. तरी नाही.

"सेल टाकले का?" साडूंनी विचारलं.

घासून घासून कांडीवरचा काळा थर निघाला आणि एकदम ठिणग्या उडाल्या. हा थर आधी खरवडायचा असतो म्हणे! आता अडचण वेगळीच. पट्टी जोरात पुढे रेटली की माझी मूठ कापसावर आपटायची, कापूस वांग्यांत.

"हाऊ काय करी ऱ्हायना?" साडूंच्या आईने माझ्या बायकोला विचारलं.

"स्वयंपाक," बायको म्हणाली.

तेवढ्यात मला आठवलं. पट्टी हलवायचीच नाही, ती जागेवर धरून कांडी मागे ओढायची. मी कापसावर पार ओणवा झालो आणि ओढली.

"पेटलं! अहो पेटलं!" एकच गलका. मी हात उंचावून तो स्वीकारला. मग खाली पाहिलं तर कापूस जसाच्या तसा. मग पेटलं काय? आणि ही माणसं माझ्याकडे का धावतायत, मिठी मारायला? बायकोने गळ्यातला मफलर हिसकून फेकला, साडूंनी पाण्याची कळशी माझ्या छातीवर रिकामी केली. माझ्याखेरीज सगळ्यांना सगळं कळलेलं होतं.

मफलर पडला तो नेमका तुराट्यांवर. त्या तडतडून पेटल्या. वांगी झकास भाजली गेली.

जेवताना मी ओल्या शर्टात मुद्दा मांडला, "काडेपेटी लागली का? नाही. म्हणजे मी जिंकलो."

"पण कांडीने नाही, मफलरने पेटलं," साडू म्हणाले.

"मफलर कशाने पेटला?"

शेवटी आम्ही दोघंही साडूंच्या आईला न्यायाधीश नेमून तिच्याकडे बघू लागलो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खरकट्या पातेल्याकडे.

राखेने ते पातेलं घासताना मी पुन्हा सगळा हिशेब लावून पाहिला. माझंच बरोबर येत होतं. राख तुराट्यांची होती की मफलरची, तेवढं मात्र सांगता येईना.