चष्म्यातला भाऊ

कपाट आवरताना तो व्हीआरचा चष्मा हाती लागला आणि त्याच्या स्पंजाला अजून मायच्या खोबरेल तेलाचा वास आला. वडील गेल्यावर ती प्रकाशा या तीर्थाजवळच्या आमच्या गावी एकटीच राहायची. पुण्याला यायला तयार नव्हती, म्हणून मी आमच्या तिथल्या घराचंच चित्रण करून नेलं होतं. चष्मा घातला की माणूस थेट आमच्या हॉलमध्ये. ओसरीत, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी खाटेवर बसून तिने तो चढवला. समोर मी दिसलो असणार. तिने दोन्ही हात पुढे केले, गालांवरून फिरवावेत तसे हवेत फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "कितला सुकाई गया रे भाऊ! जेवस का नही?" मला ती भाऊच म्हणायची. मी खाटेशेजारूनच हसत म्हणालो, "माय, मी आठेच शे ना!" "थांब ना जरासा," ती म्हणाली, "मी भाऊसंगे बोली ऱ्हायनू." मला मोठी गंमत वाटली. मोबाईलवर तिचं शूटिंग केलं आणि चारच्या गाडीने निघालो. नंतर भेटलो ते दवाखान्यात, तेव्हा तिचे हात उचलत नव्हते. त्या दुपारी माझे खरे गाल तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मोबाईल बाजूला ठेवून जरा पुढे वाकायचं होतं, बस.