सुभेदारांनी मला कॉलेजात बघितलं

आमच्या कॉलेजात मुलींनी आपल्या आपण वर्गात जायचं नाही, असा रिवाज होता. बेल झाली की आम्ही सगळ्याजणी लेडीज रूमच्या दारात उभ्या राहायचो. मग प्रोफेसर यायचे आणि त्यांच्या मागोमाग, पदर सावरून, खाली बघत, आम्ही एका रांगेत वर्गात शिरायचो. तास संपला की तशीच वरात परत. चुकून कुणी मागं वळून बघितलं तर दुसऱ्या दिवशी सांगलीभर बातमी. मला त्या वरातीचा भारी संताप यायचा. पण संतापून करते काय? शिकायचं तर होतं.

कॉलेज गावाबाहेर, मिरजेच्या वाटेवर, चारी बाजूंनी काळं रान. मी राहायची मामाकडं, हळदीच्या पेठेत. तिथं माणसाचं सगळंच पिवळं होतं, माझ्या धुतलेल्या पातळाला हळदीचा वास यायचा. संध्याकाळी मामीबरोबर गणपतीच्या देवळात जायचं आणि घाटावर जरा टेकायचं, एवढीच काय ती मोकळीक. राजाचं गाव, पण आम्हाला राजवाड्याची भिंत तेवढी ठाऊक.

कुंडलकडच्या आमच्या भावकीत मॅट्रिक झालेली मी पहिलीच पोर. गुळाच्या गाडीबरोबर वडील, म्हणजे आमचे आबा, सांगलीला आले की म्हणायचे, "इंटर हो, मग लग्नाचं बघू." माझा सगळा जीव त्या इंटरमध्ये, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, अडकला होता. परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि साताऱ्याचं स्थळ उगवलं.

मुलगा पलटणीत हवालदार, लढाईवरून रजेवर आलेला. वडील पेन्शनीतले सुभेदार, साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याला घर. रविवारी बघायला येणार होते. मी मनाशी बेत केला की असं वागायचं, त्यांनीच नको म्हणावं. मान वर करून बोलायचं, एक विचारलं तर चार सांगायचं, आणि वरून मामाचा चष्मा लावायचा. मामी म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी म्हटलं, "मामी, मला अवलक्षणच करायचंय."

रविवारी आबा सकाळीच मामाकडं येऊन बसले होते. सुभेदार एकटेच आले. मी चष्म्यातून धडपडत पोहे नेले. नाव विचारलं नव्हतं तरी नाव सांगितलं, कुठले विषय घेतलेत तेही खणखणीत सांगितलं. म्हातारा शांतपणे पोहे खात होता. बशी खाली ठेवून तो आबांना म्हणाला, "पोरगी आमी शुक्रवारीच बघितली. आज निस्ती सुपारी फोडायला आलोय."

"शुक्रवारी? कुठं?" आबांनी विचारलं.

"कालिजात."

शुक्रवारी म्हणे सुभेदार कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते. शिपायाला वाटलं भरतीवाले कुणी साहेब आहेत, त्यानं सलाम ठोकला. मग त्यालाच यांनी विचारलं, कुंडलकडची पोरगी कंची? "एकीमागं एक, मान खाली, पावलात पाऊल. आवं, आमच्या पलटणीत अशी शिस्त न्हाई. तवाच मनात म्हटलं, सून हीच."

मी चष्मा काढला. आता त्याचा काय उपयोग होता? इतका राग आला होता, आणि तो काढावा कुणावर तेच कळेना. म्हातारा तर कौतुकानं बोलत होता.

रजा संपायच्या आत लग्न उरकायचं ठरलं. पाहुणे गेल्यावर मी आबांना म्हटलं, "आबा, लग्न लावून टाका, मी नाही म्हणत नाही. पण नवरा जाईल लढाईवर. मी मामाकडं राहून परीक्षा देते. त्यांचं काय बिघडतंय?"  आबा म्हणाले, "खरं हाय तुझं." दुसऱ्या दिवशी सकाळी ते साताऱ्याला गेले. माझा वकील गेल्यासारखं मला वाटलं, आणि मी हुरूपानं पुस्तकं काढून बसले.

आबा परत आले ते फेटा काढून मांडीवर ठेवून बसले. मी पाणी दिलं.

"काय म्हणाले?"

"वाईट माणूस न्हाई त्यो. च्या पाजला, समदं ऐकून घेतलं."

"मग?"

"म्हणला, पोरगी नापास झाली तर आमची नाचक्की. पास झाली तर पोराची. पोरगा सातवी हाय. नाकापरास मोती जड हुईल. शिकली तेवढं लय झालं म्हणला."

मी रिकामा तांब्या उचलून कोनाड्यात ठेवला. 

"म्या काय बोलाय पायजे हुतं?" आबा म्हणाले. "मला काय सुचलंच न्हाई बग. तू सांग. तू शिकलेली हाईस."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. ते खरोखरच विचारत होते, आणि मी सांगितलं असतं तर उठून पुन्हा साताऱ्याला गेले असते. मी डोकं खाजवलं, उंबऱ्याकडं बघितलं, मामीकडं बघितलं. मलाही काही सुचलं नाही.