घोटमावशींचं टोपण

अगं बाई गं! टोपण ओठांजवळ आलं होतं. डोळ्याचं पातं लवण्याइतकाही उशीर झाला असता तर? नुसतं आठवलं तरी घोटमावशी आजही नातीला जवळ ओढून घेतात.

तीस वर्षं त्यांनी ऑफिसांच्या फरश्या पुसल्या. ॲसिडनं हातांची सालटी निघाली आणि खोकला जो मागे लागला तो लागलाच. काम सुटल्यावर त्यांनी लिंबाच्या साली व्हिनेगरमध्ये मुरवून स्वतःचं सफाईचं पाणी काढलं आणि घरोघर जाऊन दाखवायला लागल्या. लोक महाशंकेखोर! मग मावशी म्हणायच्या, "बघा हं, पिऊन दाखवते!" आणि टोपणभर पाणी घटकन घशाखाली घालायच्या. हशा पिकायचा, बाटल्या खपायच्या. 'घोटमावशी' हे नाव त्यातूनच पडलं आणि बाईंना त्याचा तोरा केवढा!

चार वर्षांची नात चिमणी कायम त्यांच्या मागे शेपटासारखी. त्या दिवशी एका शिक्षिकेच्या घरी मावशी बेसिन घासून दाखवत होत्या. पोरगी कुठे दिसेना. तेवढ्यात बाथरूममधून टेचात आवाज आला, "बघा हं, पिऊन दाखवते!"

मावशींनी हातातली घासणी टाकली. तशाच धावल्या. बादली, तांब्या आणि ब्रश ही चिमणीची गिऱ्हाइकं ओळीनं मांडलेली, आणि तुंबलेल्या मोरीसाठी आणलेलं ॲसिड टोपणात ओतून ती तोंडाला लावत होती. मावशींनी असा फटका मारला की टोपण भिंतीवर आदळलं. फरशीवर थेंब उडाले तिथे फसफसून फेस आला. तो फेस बघून मावशींनी चिमणीचे हात-तोंड नळाखाली धरले.

"मी तुझ्यासारखंच करत होते!" चिमणीनं भोकाड पसरलं.

"माझीच चूक हो, बाटली वर ठेवायला हवी होती," शिक्षिका पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मावशींना मात्र एकच टोचत होतं. ज्या विषानं आपले हात सोलले, ते प्यायला नातीला शिकवलं कुणी? आपणच की! तेही हसत हसत.

आता कुणी कितीही गळ घातली तरी त्या घोट घेत नाहीत. "पुसायचं ते प्यायचं नसतं," एवढंच सांगतात. खप निम्म्यावर आला. येईना का!

काल जेवताना त्यांनी चिमणीपुढे पाण्याचा पेला ठेवला. पोरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि हळूच विचारलं, "आजी, हे प्यायचं का पुसायचं?"