मलमपट्टीचा डबा होडीत येणारच

चाळीतल्या मंडळींनो, आत्ताच खाडीवरून अंबरनाथला परतलेय आणि पदर वाळायच्या आधी फळ्यावर लिहितेय.

आज मी, आमचे हे आणि धाकटे दीर छोटी होडी वल्हवत खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडून आणलेल्या बिस्किटांच्या डब्यात मी टिंक्चर आयोडीन, कापूस, पट्ट्या आणि कात्री भरली. खारं पाणी शिरू नये म्हणून झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं.

निघताना भाऊजी अडून बसले. "वहिनी, होडीत मलमपट्टी नेली की लागतंच. अपशकुन असतो!"

मी डबा मांडीवर घेतला आणि म्हटलं, "मग मलाही उतरवा."

पुढे खडकावर उतरताना कालवाच्या शिंपल्याने भाऊजींचाच तळपाय चिरला. रक्त थांबेना. मी मेण खरवडून डबा उघडला, जखम साफ केली, पट्टी घट्ट बांधली.

रक्त थांबल्यावर भाऊजी म्हणाले, "बघा! डबा आणलात म्हणूनच लागलं!"

पुढच्या रविवारी डबा येणारच. ज्याला भीती वाटते त्याने काठावर बसावं, होडीत जागा होईल.

बायांनो, कोण येतंय माझ्याबरोबर वल्हवायला? खडू इथेच ठेवलाय, खाली नाव लिहा.