आमच्या घरची पाळी

हे मी माझ्या तोंडाने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — जमेल तसं.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथे गुराखी ठेवत नाहीत, गुरं पाळीने राखतात. ज्या घराची पाळी, त्या घरातल्या कुणीतरी सगळ्या वाडीची गुरं रानात न्यायची. आमच्या घरची पाळी माझी चुलतबहीण सुलभा करायची. आणि मी? मी सातवीपर्यंत बडोद्याला होतो, वडिलांच्या नोकरीमुळे. मग महाडला शिकलो, बारावीला बरे मार्क पडले, आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, तिथली परवडणारी फी — सगळं एका दाखल्यावर अडलं. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला. माझी तेवढी वर्षं भरत नव्हती.

काकांनी ठरवलं, पोरगा पहिल्यापासून इथलाच म्हणायचं. वाडीला त्यात खोटं असं काही वाटलंच नाही — घर इथलं, मग पोरगा कुठला? पण तलाठी नवे होते. चौकशीला वर चढून आले, अंगणात घाम पुसत म्हणाले, "लहानपणी इथे काय करायचास रे?"

गुरं राखायचो, मी म्हणालो. पाळी माझीच असायची. कुठली गाय मारकी, पाण्यावर कुठे न्यायचं — सुलभाने सगळं शिकवून ठेवलं होतं. पोपटासारखा बोललो. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या सुलभाकडे बोट दाखवलं. आणि ही काय करायची?

इथे थांबावंसं वाटतं. हे उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. घाबरून बोललो म्हणू? तसंही नव्हतं — चटकन सुचलं म्हणून मी खूश झालो होतो.

"ही बडोद्याला होती," मी म्हणालो. "माझ्या आईच्या मदतीला."

मला दाखला मिळाला.

दोन वर्षांनी सुलभाला नर्सिंगला जायचं होतं. दाखला तोच, तलाठीही तेच. "तू तर बडोद्याला होतीस ना?" तिने अर्ज मागे घेतला. खरं बोलली असती तर माझं कॉलेज गेलं असतं. मी तेव्हा सुट्टीला घरीच होतो, पडवीत बसून ऐकत होतो. उठलो का? नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघालो. तिने भाकऱ्या बांधून दिल्या. मी त्या खाल्ल्या. अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी तलाठी बदलले आणि वाडी आपणहून खाली उतरली. घरटी एक माणूस कचेरीत उभा राहिला. "ही पोर हितंच होती, साहेब. आमची गुरं हिनंच राखलीत." माझं नाव कुणी काढलं नाही. सुलभा नर्स झाली, आरोग्य केंद्रात आहे, आणि आता तिच्याशिवाय तिथलं पान हलत नाही. पण तिचं एक वर्ष गेलं, ते माझ्यामुळे.

परवा तिला फोन केला. म्हटलं, शिमग्याला वाडीची बैठक बसते, तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे.

"सांग," ती म्हणाली. "वाडीला म्हायती हाय, पन तू सांग. आनि दादा, सकाळीच ये. त्या दिवशी पाळी आपल्या घराची हाय, आन् मला ड्युटी हाय."

मी जाणार आहे. ती मारकी गाय आता नसेलच. गुरं घेऊन मी रानात एकदाही गेलेलो नाही.