लावण्याची कटौती

अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

लावण्याने माझ्या हातावर एक रुपया ठेवला.

"मावशी, हा मॅडमना द्या. कटौती."

"कसली ग?"

"फॉल्टची. दहा रुपये लावलेत मी. रोज एक देणार."

मी धामणकर नाक्याजवळच्या प्राथमिक शाळेत मावशी आहे. वर्ग झाडते, पाणी भरते, चित्रकलेच्या तासाला कात्र्या वाटते आणि मोजून परत घेते. त्याआधी अकरा वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कांड्या भरल्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी.

चौथीच्या तृप्ती मॅडम दर महिन्याला मुलांना एका देशाची कला शिकवतात. त्या महिन्यात आफ्रिकेतला घाना होता. तिथले विणकर चार बोटं रुंदीच्या रंगीत पट्ट्या विणतात आणि एकमेकींना शिवून मोठं कापड करतात. त्याला केंटे म्हणतात. मुलांनी ते कागदात करायचं होतं. काळ्या कार्डपेपरला उभ्या चिरा, तो ताणा. त्यातून पिवळ्या, लाल कागदाचा बाणा, एक वर, एक खाली. सगळ्यांच्या पट्ट्या मी सुईदोऱ्याने जोडायच्या आणि शनिवारी पालकांसाठी टांगायच्या.

लावण्याची पट्टी सगळ्यांत आधी झाली. तिचे बाबा लूम चालवतात. फक्त एका ठिकाणी कागद दोन घरांवरून गेला होता. मॅडमनी तिथे खडूने गोल केला, "इथे फॉल्ट आला बघ," असं हसत म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

लूमवर हा शब्द कोणी हसून बोलत नाही. कापड तपासणारा असाच खडू मारतो आणि मग पगारातून पैसे कापतात, तीच कटौती. लावण्याने पट्टी दप्तरात घातली आणि नंतर कागदाला हात लावला नाही.

मी त्याच दिवशी मॅडमना सांगायला हवं होतं. पण स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरायचे. चार दिवस मी तिचा रुपया घेत राहिले आणि पदराला गाठ मारत राहिले. तो तिच्या खाऊचा रुपया होता. मधल्या सुट्टीत बाकीच्या पोरी बोरं खायच्या, ही पाण्याच्या पिंपाजवळ बसायची.

शुक्रवारी मॅडमच म्हणाल्या, "मावशी, लावण्याची पट्टी कुठाय? कर म्हटलं तर नुसती बघत बसते."

मी पदराची गाठ सोडली आणि सगळं सांगितलं.

"अहो, मी सहज बोलले."

"सहजच बोललात. पण खडूपण मारलात."

मॅडमनी लावण्याला बोलावलं.

"मी पैसे कापत नाही ग. मी काय मालक आहे?"

"मग मालक कोण?"

माझ्याच तोंडून निघालं, "तूच हायेस की. माल तुझा हाय."

वर्गात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

लावण्याने दप्तरातून पट्टी काढली. दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. "मग कापायचे का न्हाय, ते मी ठरवणार?"

"तूच."

तिने विचार केला. "पहिलाच फॉल्ट हाय. ह्या वेळी सोडते." आणि बाहीने खडू पुसला.

ती पट्टी मी बरोबर मधे जोडली. शनिवारी तिचे बाबा शिफ्ट संपवून आले, केसांत अजून कापूस होता. त्यांचं बोट सरळ फॉल्टवर गेलं. त्यांनी पोरीकडे बघितलं.

"मालकाने पास केलाय," ती म्हणाली.

त्यांनी बोट काढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मॅडम आता फॉल्ट म्हणत नाहीत, चूक म्हणतात. चूक खोडता येते, तिचे पैसे पडत नाहीत. आणि मीही शिकले, की सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगावं.

पैशांचं राहिलं. शुक्रवारीच मी तिला नाणी परत दिली होती. तिने मोजली. "मावशी, चार होते." एक मी शेअर रिक्षात सुट्टा म्हणून देऊन बसले होते. सोमवारी प्रार्थनेआधी तिच्या हातावर ठेवला. तिने बाकीचे तीन खिशातून काढले, चारही पुन्हा मोजले आणि म्हणाली, "आता फिटले."